मोजे कोणते घेऊ? टाचेला फोड येतात, मदत हवी आहे

गारवा२२: शनिवारी पहाटे निघायचंय. लांब चाललं की टाचेला फोड येतातच, मागच्या वेळची सालपटं अजून निघताहेत. मोजे कोणते घेऊ ते पटकन सांगा. इथले दुकानदार म्हणतात सगळे सारखेच.

पायवाट: निघायचंय कुठं? बूट कसले? आत्ता मोजे कसले घालता?

गारवा२२: पन्हाळा ते पावनखिंड, या दिवसांत दुसरं काय असणार! मोजे सुती, शाळेत घालतात तसले. बूट नवे आहेत.

पायवाट: सुती आधी काढून टाका. सूत पाणी धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते आणि घासली की थर सुटून फोड धरतो. नायलॉन-पॉलिस्टरचे किंवा मेरिनो लोकरीचे घ्या, चुणी न पडणारे. आत एक पातळ जोड घाला, म्हणजे मोज्यावर मोजा घासतो, कातडी वाचते.

मसाईवारा: दोन जोड नका सांगू. माझे बूट त्यानं आवळले आणि बोटांना फोड आले. शिवाय मसाई पठारावरच बुटात पाणी शिरतं, लोकर असो नाहीतर नायलॉन. मुक्कामाला कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, खरा उपयोग त्याचा.

पायवाट: बूट आधीच आवळ असतील तर दोन जोड आवळणारच की!

तांबडापांढरा: मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा, जळवा चढत नाहीत.

गारवा२२: जळवांचं नाही विचारलं हो.

चिखलवाट: मोजे हवेत कशाला? आम्ही सँडलवर जातो, पाणी येतं तसं जातं.

मसाईवारा: आणि चिखलात पाय आतल्या आत सरकतो. १६६० च्या जुलैत त्याच चिखलातून रात्रभर धावले ती माणसं वेगळी होती. नवख्याला सँडल सांगू नका.

गारवा२२: एक राहिलं. उतारावर माझी टाच बुटात वरखाली होते. त्यानं फरक पडतो का?

पायवाट: हे आधी सांगायचं ना! फोडाचं मूळ तेच आहे. नाडी सगळ्यात वरच्या भोकातून त्याच बाजूला परत आत घाला, दोन्हीकडं फास होतील. समोरची नाडी त्यातून ओवून ओढा, टाच बसते. तरी हलली तर जुने बूट घाला.

गारवा२२: जुन्यांचा तळ झिजलाय. टाचेला औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी चालेल?

मसाईवारा: चालेल. घरूनच कोरड्या टाचेला लावून निघा, ओल्या कातडीवर ती टिकत नाही.