घरमालकाकडून रखडलेली दुरुस्ती कशी करून घेतलीत? तुमचे अनुभव सांगा

भाड्याच्या घरात राहिलेल्या बहुतेकांच्या गाठीशी एक तरी रखडलेली दुरुस्ती असते. "बघू", "माणूस पाठवतो", "पावसाळा संपू दे" ही उत्तरं ऐकत वर्ष निघून जातं. तुमचं काम कसं झालं, किंवा का झालं नाही, हे इथे लिहा. सुरुवात मी करते.

आमच्या झोपायच्या खोलीची एक भिंत कायम ओली असायची. कपाट सरकवलं तर मागे काळी बुरशी. मालकांनी दोनदा रंग लावून दिला आणि दोन्ही वेळा काही महिन्यांत पोपडे निघाले. त्यांचं म्हणणं एकच, "तुम्ही खिडक्या बंद ठेवता, घरात कपडे वाळवता, म्हणून ओल येते." मलाही ते पटायला लागलं होतं. मग बांधकामातल्या एका मैत्रिणीने साधी परीक्षा सांगितली. भिंतीचा एक तुकडा कोरडा पुसून त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावायची, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करायच्या आणि दोन दिवस थांबायचं. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ती हवेतली वाफ. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतूनच येतंय. आमच्याकडे बाहेरची बाजू ठणठणीत कोरडी होती आणि आतून थेंब. दोन्ही बाजूंचे फोटो तारखेसह मालकांना पाठवले. सात महिने जे बोलून झालं नव्हतं ते आठ दिवसांत झालं. पलीकडच्या नहाणीतला भिंतीत गाडलेला पाइप सांध्याला झिरपत होता. या वेळी भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग लावू दिला नाही, तेवढा हट्ट मी केला.

*

छोटासा अनुभव. पाण्याचं बिल अचानक वाढलं आणि मालक म्हणाले, "तुमचाच वापर जास्त." रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा फोटो काढला, सकाळी पाणी वापरायच्या आधी दुसरा. आकडा पुढे सरकलेला. मग फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकला आणि अर्धा तास फ्लश केला नाही. भांड्यात रंग उतरला. म्हणजे टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता. मालकांना दोन्ही फोटो पाठवले, दुसऱ्या दिवशी प्लंबर हजर.

*

माझा अनुभव लिहिताना अजून हात थरथरतो. सासूबाई एकदा म्हणाल्या, "नहाणीच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात गं." मी मालकांना फोन केला. ते म्हणाले, जुनं घर आहे, थोडंफार होतं, पायात चप्पल ठेवा. मी ऐकून घेतलं. नंतर तीन आठवडे मी त्यांना आडून आडून आठवण करून देत राहिले, कारण संबंध बिघडायला नको होते.

एके दिवशी मुलगा ओल्या अंगाने किंचाळत बाहेर आला. त्याच संध्याकाळी आमच्या पैशांनी वायरमन बोलावला. गिझरचं कॉइल खराब होऊन वीज पाण्यात उतरत होती आणि अर्थिंगची तार बोर्डाला जोडलेलीच नव्हती. गळणारी वीज ओळखून प्रवाह तोडणारा आरसीसीबीही बसवलेला नव्हता. घरात माणसाच्या सुरक्षेसाठी तो साधारण ३० मिलिअँपिअरचा लावतात, असं वायरमननी सांगितलं. नुसता एमसीबी शॉकपासून वाचवत नाही, तो जास्तीचा भार आणि शॉर्ट सर्किट यांसाठी असतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं: "गिझर वापरू नये, अर्थिंग नाही, जिवाला धोका." खाली सही आणि तारीख. तो कागद मालकांना पाठवला आणि खाली लिहिलं की काम होईपर्यंत गिझर बंद ठेवला आहे, पुढे काही झालं तर ते तुम्हाला माहीत असताना झालेलं असेल. दोन दिवसांत काम झालं.

ते तीन आठवडे मी भिडेपोटी घालवले, याचं फार वाईट वाटतं. वीज, गॅस आणि छत यांच्याबाबतीत कृपा करून भीड धरू नका.

*

वरचं वाचून राहवलं नाही. गॅस गिझर असलेल्या नहाणीतला झरोका आमच्या मालकांनी पक्षी येतात म्हणून बुजवला होता. आंघोळीनंतर बायकोचं डोकं दुखायचं, गरगरायचं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, त्यामुळे काही कळतच नाही. आम्ही वापर लगेच थांबवला. मालकांना धोका नीट समजावल्यावर त्यांनी झरोका उघडून जाळी बसवली आणि गिझर नहाणीबाहेर मोकळ्या हवेत हलवला. त्यांना खरोखरच कल्पना नव्हती.

*

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझं एक घर भाड्याने दिलेलं आहे. आधीचे भाडेकरू फार सज्जन, इतके की सिंकखालचा पाइप आठ महिने ठिबकत होता तरी "काकांना कशाला त्रास" म्हणून बोलले नाहीत. खाली बादली ठेवायचे. ओट्याखालचं सगळं लाकूड कुजलं. पाच मिनिटांचं काम होतं, पुढे सुतार आणि गवंडी दोघे लागले.

मालक म्हणून माझी अडचण सांगतो. "घरात जरा पाणी येतंय, बघता का" असा फोन आला की कोणाला पाठवायचं तेच कळत नाही. कुठे, कधीपासून, सतत की फक्त नळ सोडल्यावर, वाढतंय का, आणि घरी माणूस कधी असेल, एवढं लिहून आलं तर मी त्याच दिवशी फोन फिरवतो.

*

माझं जमलं नाही, तेही लिहितो. छत गळत होतं म्हणून मी रागाने भाडं थांबवलं. मालकांनी थेट थकबाकीची नोटीस दिली. गळतीबद्दल मी दहा वेळा बोललो होतो, पण सगळं तोंडी. माझ्याकडे एकही मेसेज नव्हता, त्यांच्याकडे मात्र न भरलेल्या भाड्याची नोंद होती. डिपॉझिटमधून पैसे कापून घेतले आणि घर सोडावं लागलं. काही ठिकाणी भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, पण आधी लेखी नोटीस, मुदत, रकमेची मर्यादा अशा अटी असतात. मी हे घर सोडल्यावर वाचलं. आता फोनवर बोलणं झालं की लगेच लिहून पाठवतो: "आत्ता बोलल्याप्रमाणे, शनिवारी प्लंबर येणार आहे."

*

आमचं चार बिऱ्हाडांचं जुनं घर. छताचं प्लास्टर पडायचं, मालक गवंडी पाठवून लिंपून घ्यायचे आणि वर्षभरात तिथेच पुन्हा पडायचं. प्रत्येक बिऱ्हाड आपापलं भांडत होतं. शेवटी एकत्र बसलो. काठीने छत ठोकून पाहिलं. जिथे पोकळ, बद्द आवाज आला तिथे खडूने गोल काढले. चारही घरांतले गोल एका कागदावर मांडले तेव्हा दिसलं की सगळे गच्चीच्या एकाच कोपऱ्याखाली आहेत.

चौघांच्या सह्यांचं पत्र दिलं आणि अभियंत्याला दाखवा अशी मागणी केली. त्यांनी सांगितलं की गच्चीवरून मुरलेल्या पाण्याने सळई गंजली आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून आतून काँक्रीट फुटतं. वरून लिंपण्याचा काहीच उपयोग नव्हता. आधी गच्चीचा उतार आणि वॉटरप्रूफिंग दुरुस्त केलं, पाणी साठवून एक दिवस ठेवून तपासलं, मग खालचं सैल काँक्रीट काढून सळया घासून, गंजरोधक लेप लावून भरलं. या तीन महिन्यांत दोन बिऱ्हाडांनी एकमेकांच्या घरी संसार हलवला. मालकांना खर्च दोन हप्त्यांत करायचा होता. त्याला आम्ही होकार दिला, पण तारखा लिहून घेतल्या.

*

माझं काम अजून झालेलं नाही. खिडकीच्या चौकटीखालची ओल, अकरावा महिना. हे सगळं वाचून काल रात्री फॉइल चिकटवली आहे. मालकीणबाईंना आज पहिल्यांदा फोन न करता मेसेज लिहिला: कुठे, कधीपासून, वाढते का, मी घरी कधी असते. उद्या संध्याकाळी फॉइल काढून फोटो पाठवते.