आईच्या आवाजातील जुनी कॅसेट उघडण्यासाठी मदत हवी आहे

माझ्या दिवंगत आईने आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटलेली अहिराणी गाणी ६० मिनिटांच्या एका कॅसेटवर आहेत. मध्येच गाणे थांबवून ती बेसूर गाणाऱ्या भावजयीला खडसावते आणि लगेच पुढची ओळ उचलते; आजीचा हा खाक्या नातवंडांना वर्षश्राद्धाला ऐकवायचा आहे. पहिली बाजू थोडा वेळ नीट वाजते, मग आवाज जड होत जातो आणि फीत थांबते. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसले असून इतर कॅसेटी त्यावर व्यवस्थित वाजतात, त्यामुळे दोष याच कॅसेटमध्ये असावा. पेन्सिलीने फिरवल्यास रीळ एका जागी अडते, फितीमागचा फेल्टचा तुकडाही गळून पडला आहे. बुरशी मात्र दिसत नाही. कवचाला स्क्रू नाहीत, ते चिकटवलेले आहे. एका दुकानदाराने ‘फोडून बघू’ म्हटल्यावर मी ती परत आणली. ही एकमेव प्रत असल्याने कुरिअरने पाठवणार नाही, परंतु जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यापर्यंत स्वतः घेऊन येईन. असे कवच फितीला इजा न होता उघडून रिळे स्क्रूच्या कवचात बसवण्याची खात्रीची पद्धत कोणती, आणि हे काम करणारा जाणकार कारागीर या भागात कोणाच्या माहितीत आहे का?