भाड्याच्या खोलीतला गॅस: मालकाची जबाबदारी कुठवर?

चारखोल्या_लातूर
लातुरात चार खोल्या क्लासच्या लेकरांना भाड्यानं दिल्यात. दोन खोल्यांत शेगडी, टाकी मालकाची, कनेक्शन मालकाच्या नावावर. बाकी दोन खोल्यांत पोरं स्वतःची छोटी टाकी आणतात. सामाईक बाथरूममध्ये गॅस गिझर आहे. सध्या एक मेसेज फिरायलाय: ‘घरमालकानं दर 12 महिन्यांनी गॅस तपासून भाडेकरूला दाखला द्यायचा, नाहीतर तुरुंग.’ आपल्याकडं असा कायदा आहे का? नसेल तर काही झाल्यावर जबाबदार कोण? करार 11 महिन्यांचा, नोटरी केलेला, नोंदणी नाही.

भाडेकरार_नांदेड
दादा, तो नियम ब्रिटनचा आहे, 1998 चा. तिथं घरमालकाला दरवर्षी नोंदणीकृत गॅस इंजिनिअरकडून तपासणी करून 28 दिवसांत भाडेकरूला नोंद द्यावी लागते. आपल्याकडं असा वार्षिक दाखला नाही. पण म्हणून मालक मोकळा सुटत नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14: वेगळं काही ठरलं नसेल तर जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. भाडेकरूनं नोटीस दिल्यावर 15 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर तो स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे. लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त राहायच्या परवानगीवर, राहणाऱ्याला करारात लिहिलेलंच कामी येतं, म्हणून तिथं शब्द नीट हवेत.

तुमचा खरा कच्चा दुवा नोंदणी. कलम 55 नुसार करार नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे. न नोंदवल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून अडचणीचं म्हणजे, नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘शेगडीची देखभाल तुमच्याकडं होती’ हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल.

फौजदारी बाजू वेगळी. ताब्यातल्या ज्वालाग्राही वस्तूबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 287, आणि कुणाचा जीव गेला तर कलम 106, 5 वर्षांपर्यंत कैद. नळी कुजलीय हे माहीत असून बदलली नाही, अशी तक्रार व्हॉट्सॲपवर पडून असेल तर बचाव अवघड आहे.

आणि विमा. तेल कंपन्यांच्या विम्यात अपघाती मृत्यूला माणशी 6 लाख आणि मालमत्तेच्या नुकसानीला एका घटनेत 2 लाखांपर्यंत भरपाई आहे, पण मालमत्तेची भरपाई ग्राहकाच्या नोंदलेल्या पत्त्यावरच. कनेक्शन गावच्या घराचं आणि टाकी भाड्याच्या खोलीत, तर ती गेली. घरगुती कनेक्शन एका घराला एकच, हेही ध्यानात ठेवा. पोरांनी कराराची प्रत देऊन स्वतःच्या नावानं कनेक्शन घ्यावं, नाहीतर एजन्सीकडून 5 किलोची कंपनीची टाकी. तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्र पुरतं.

शेगडी_रिपेअर
कायदा नंतर बघा, आधी तो गिझर बाथरूमच्या बाहेर काढा.

गिझर पाणी तापवायला शेगडीच्या कितीतरी पट गॅस जाळतो. छोट्या बंद बाथरूममधला ऑक्सिजन पाचदहा मिनिटांत कमी पडतो, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही. गॅसगळतीचा वास येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा, या वायूत तसं काही नसतं. माणूस आतून कडी लावून बेशुद्ध पडतो. ज्योत पिवळी किंवा वर काजळी दिसली तर त्याच दिवशी बंद करा.

मग खोल्या. नळी आयएसआय मार्कची सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नको, मधे जोड नको, भिंतीतून ओवलेली नको. मुदत 5 वर्षं, तारीख नळीवरच छापलेली असते. टाकी उभी आणि जमिनीवर, शेगडी तिच्यापेक्षा उंच ओट्यावर. ओट्याखाली दार लावून टाकी कोंडली असेल तर दाराला तळाशी जाळी पाहिजे, कारण गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. गळती बहुतेक वेळा टाकीच्या व्हॉल्वमधल्या वायसरमधून होते. टाकी बदलली की साबणाचं पाणी लावून बघा, काडी पेटवून कधीच नाही.

टाकीच्या कड्यावर ‘बी-27’ असं लिहिलेलं असतं: 2027 च्या एप्रिल ते जूनमध्ये पुढची चाचणी. ए म्हणजे जानेवारी-मार्च, सी जुलै-सप्टेंबर, डी ऑक्टोबर-डिसेंबर. तारीख उलटलेली टाकी घेऊच नका.

पोरांची छोटी टाकी कंपनीची आहे की बाजारातली लोकल, हे बघा. दुकानात किलोवर भरून मिळणारा गॅस बेकायदा असतो, आणि भरणारा वजन मोजत नाही. टाकीत वर मोकळी जागा ठेवावीच लागते, द्रव गॅस उन्हानं फुगतो. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा 42 वर गेला की काठोकाठ भरलेल्या टाकीचं काय होईल, विचार करा.

चारखोल्या_लातूर
बाथरूमला झरोका आहे, पण हिवाळ्यात पोरं पुठ्ठा लावतात. आणि खाली घरची खानावळ आहे, तिथं लाल टाकी वापरली तर चालतं का?

शेगडी_रिपेअर
झरोका माणूस बुजवतोच, त्यावर भिस्त ठेवू नका. गिझर बाहेर व्हरांड्यात लावा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणा. शेगडी आणि गिझर एकाच रेग्युलेटरवर टी जोडून चालवायचं नाही. मूठभर पैशांसाठी लेकरांचा जीव धोक्यात नको.

भाडेकरार_नांदेड
खानावळीला लाल टाकी चालत नाही, 19 किलोची व्यावसायिकच. एलपीजी वितरण आदेश 2000 मोडला तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होते. परवान्याशिवाय एका वेळी 100 किलोपर्यंत साठा ठेवता येतो, म्हणजे 19 च्या पाच टाक्या. पण त्या लेकरांच्या खोल्यांपासून, जिन्यापासून लांब ठेवा.

करारात हे घाला: मालकाची शेगडी, रेग्युलेटर, गिझर यांची नावं आणि नळीची मुदत, देखभाल कुणाकडं, बिघाड लेखी कळवल्यावर किती दिवसांत दुरुस्ती, लोकल टाकीला बंदी, गिझरला हात लावायचा नाही. ताबा देताना फोटो काढा, दोघांच्या सह्या घ्या. एजन्सीचा माणूस तपासून गेला की त्याची पावती जोडा. दाराच्या आतल्या बाजूला 1906 हा गळतीचा नंबर लिहा, आणि पोरांना सांगा: वास आला की रेग्युलेटर बंद, टाकीला सेफ्टी कॅप, दारं-खिडक्या उघड्या, आणि लाइटचं बटण चालू नाही, बंदही करायचं नाही.