थॅलेसेमिया मायनर: नवऱ्याची रक्ततपासणी घरच्यांना कशी पटवू?

नमस्कार. मी सोलापुरात स्टाफ नर्स आहे, एएनसी ओपीडीला, म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीला. जीएनएमला (नर्सिंगच्या कोर्सला) असताना जेनेटिक्स म्हणजे मेंडेलचे वाटाणे, तेही परीक्षेपुरते. आता तेच रोज समोर येतं आणि माझी बोलती बंद होते.

बावीस वर्षांची मुलगी, दहावा आठवडा. हिमोग्लोबिन ९.२. लग्नाआधीपासून लोहाच्या गोळ्या खातेय, आकडा हलत नाही. सीबीसीत (रक्तपेशींच्या मोजणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, ६४, लहानच; लाल पेशींची संख्या मात्र भरपूर. मला शंका आली, मॅडमना दाखवलं. एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत) एचबीए२ हा प्रकार ५.१ टक्के आला (३.५ च्या आत असायला हवा). म्हणजे थॅलेसेमिया मायनर, नुसती वाहक. तिला स्वतःला विशेष त्रास नाही, पण नवराही मायनर निघाला तर बाळ मेजर (सतत रक्त चढवावं लागणारा गंभीर आजार) होण्याची शक्यता २५ टक्के.

नवऱ्याच्या रक्तावरच गाडी अडलीय. सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. केसपेपरच्या मागे मी चौकोन-गोल काढून वंशावळ मांडली, नात्यातल्या लग्नाला दोन रेघा मारतात तशा मारल्या. सासूबाईंनी विड्या वळून काळं पडलेलं बोट नेमकं त्या रेघांवर ठेवलं. "सिस्टर, म्हंजे आमच्या घराण्यात खोट हाय म्हणता का?" मी नुसतं "नाही, नाही" म्हणत राहिले. त्या पोरीला घेऊन निघून गेल्या.

वारेचा तुकडा घेऊन होणारी तपासणी अकराव्या आठवड्यानंतर होते, म्हणजे हातात वेळ नाही. 'खोट' हा शब्द न येऊ देता हे कसं सांगता? कृपया नुसतं "समुपदेशन करा" लिहू नका. पोस्टरवरचं मराठी त्यांच्या कामाचं नाही, घरात तेलुगू बोलतात.

प्रतिसाद १
ताई, शंका बरोबर आली तुम्हाला, निम्मं काम तिथंच झालं. पण वंशावळ आधी काढायची नाही. आधी आत्याबाईंनाच विचारा, "तुम्हालाही बाळंतपणात रक्त कमी सांगितलं होतं का?" हे भावाकडून मुलीत आलं असेल तर त्यांच्यातही असण्याची शक्यता निम्मी. हो म्हणाल्या तर म्हणा, "मग तुमचं काय अडलं? नातवंडापर्यंत आलात की." आणि "चारातलं एक" कधी म्हणू नका, लोक पोरं मोजायला लागतात. दर खेपेला चिठ्ठी नव्यानं उचलायची, असं सांगा. नवऱ्याचं नुसतं सीबीसी नको, एचपीएलसीही करा. तिचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघितल्याशिवाय लोह वाढवू नका, फॉलिक चालू ठेवा. हे अर्थात मॅडमना विचारून.

एक विचारते, राग मानू नका. रिपोर्ट मुलीचा. सासूसमोर उघडण्याआधी तिला विचारलं होतं?

धागाकर्ती
नाही विचारलं. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तिचा नंबर केसपेपरवर आहे, दुपारी फोन करते. नवरा यंत्रमागावर असतो, सुट्टीच्या दिवशी दोघंच येतील का ते तिलाच विचारते.