'प्राथमिक' म्हणजे किरकोळ का? (प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीला शब्द हवा)

अक्षरवेल: पालकांसाठीच्या माहितीपत्रकात 'प्राथमिक प्रतिकारक्षमता-न्यूनता' असं लिहिलं. एका आईने वाचून विचारलं, "म्हणजे अजून सुरुवातच आहे ना?" इथे प्रायमरी म्हणजे मूळचा, जनुकातलाच दोष, एचआयव्हीने किंवा केमोने आलेला नव्हे. शब्द सुचवा.

शेवगा: सरळ 'आनुवंशिक' म्हणा की.

मिरगाचा किडा: नको! 'आनुवंशिक' म्हटलं की "कुणाकडून आलं?" आणि उत्तर ठरलेलं: सुनेकडून. त्यात ब्रूटन नावाच्या डॉक्टरने १९५२ साली वर्णन केलेला, शरीर प्रतिपिंडंच बनवत नाही तो आजार एक्स गुणसूत्रावरचा. होतो मुलग्यांना, वाहक बहुधा आई. सासूच्या हाती आयतं कोलीत. शिवाय कधीकधी तो बदल बाळातच पहिल्यांदा घडतो, आईबापात नसतोच. 'जन्मजात' बरा. डॉक्टरही हल्ली 'इनबॉर्न एरर्स ऑफ इम्युनिटी' म्हणतात.

शेवगा: जन्मजात म्हणजे जन्मताच दिसणारं, असं लोक धरून चालतात. ब्रूटनवाली बाळं आईच्या प्रतिपिंडांवर पहिले काही महिने ठणठणीत असतात.

अक्षरवेल: स्किडचं (प्रतिकारशक्ती जवळपास नसतेच, असा गंभीर प्रकार) बाळही जन्मताना धडधाकट दिसतं, म्हणून बीसीजी टोचून मोकळे होतात. ती जिवंत लस त्याच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनने २००८ मध्ये टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ट्रेक चाचणी सुरू केली, नवजात बाळातच स्किड हुडकणारी. २०१८ अखेर अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत पोचली. आपल्याकडे सरसकट होत नाही.

पंतोजी: 'न्यूनता' काढा, 'उणीव' घाला. आणि उपचारात प्रत्यारोपणाचं लिहिताना बोन मॅरो न लिहिता अस्थिमज्जा लिहिलंत ना?

अक्षरवेल: लिहिलं. "मज्जा म्हणजे मज्जारज्जू ना? कणा उघडणार?" असं एका बाबांनी घाबरून विचारलं. दात्याचा मगज कमरेच्या हाडातून काढतात, बाळाला तर रक्तासारखा शिरेतून चढवतात. हल्ली अर्धा जुळणारा बापही दाता चालतो.

बोंबील: बघा, तुम्हीच 'मगज' म्हणालात! नळी चोखणाऱ्या कुणालाही कळेल.

पंतोजी: फारसी.

मिरगाचा किडा: मज्जा आणि मग्ज सख्खे चुलत, पंत. अवेस्तातही 'मज्ग' आहे.

शेवगा: पण मगज म्हणजे मेंदूही. मगजमारी कशाने करता? बाबा कण्यावरून डोक्यावर जातील.

पंतोजी: शाळेच्या पुस्तकात अस्थिमज्जाच होती. लोकांना कळत नाही म्हणून भाषा बदलायची?

अक्षरवेल: पत्रक शुक्रवारी छपाईला जातंय. 'प्राथमिक'चं काय करू?

बोंबील: मिठाईवर टाकतात ती मगजबी खरबुजाची की कलिंगडाची? घरी पैज लागलीय.

मिरगाचा किडा: दोन्ही चालतात. आमच्याकडे भोपळ्याचीही.