मदत हवी आहे: कलमांच्या बागेत अल्पाका (की लामा?) शिरलाय, बाहेर कसा काढायचा? (गुहागर)

असगोलीकर | सकाळी १०:०५
घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्या कलमांच्या बागेत खालच्या अंगाला पहाटेपासून एक लांब मानेचं लोकरीचं जनावर येऊन बसलंय. गडगा ढासळलाय तिथून आत आलं. हाकललं तर उठत नाही. गड्याने काठी दाखवली तर त्याच्या अंगावर थुंकलं, हिरवट आणि भयंकर आंबूस. आता गडी खाली उतरायला तयार नाहीत. आज आंबा उतरवून पेट्या भरल्या नाहीत तर संध्याकाळची गाडी चुकणार, आणि मे संपत आलाय, पाऊस कधी टपकेल सांगता येत नाही. नेटवर बघून लामा किंवा अल्पाका वाटतंय. बाहेर कसं काढायचं आणि फोन कोणाला करायचा एवढंच सांगा. विनोद नकोत.

रातांबा | १०:११
फोटो? केवढं आहे? एकटंच आहे का? मुख्य म्हणजे कोणाचं आहे? असगोलीत आभाळातून तर पडलं नसेल.

गजालीकार | १०:१४
उंटाचा पिल्लू आसतला. गणपतीपुळ्याक फिरवतत ते. मालकाक सांगा, घेवन जातलो.

असगोलीकर | १०:२०
पुळ्याचे उंट लहानपणापासून बघतोय. उंट नाही. फोटो चढत नाहीये, बागेत रेंजची एकच कांडी येते. पांढरं आहे, पाठ माझ्या कंबरेच्या खालीच, डोळ्यांवर झुलपं. लांबून बघितलं तर उंट आणि मेंढी यांचं पोर वाटेल. बाहेर कसं काढायचं ते कोणी सांगेल का?

अँडीजवारी | १०:३१
कान बघा, कान! लांब, बाकदार, आत वळलेले असतील तर लामा. आखूड, सरळ, टोकदार असतील तर अल्पाका. लामाचं तोंड लांबट असतं, अल्पाकाचं आखूड, आणि कपाळावर तो झुपका. वजनातही दुपटीचा फरक: अल्पाका ५० ते ८० किलो, लामा सहज १३०च्या पुढे. तुमच्या वर्णनावरून अल्पाकाच.

आम्ही पेरूला गेलो होतो तेव्हा कुस्कोमध्ये (उंची ३,४०० मीटर, पहिले दोन दिवस डोकं ठणकतं, कोकाच्या पानांचा चहा घ्या) रस्त्यात बायका लामा घेऊन उभ्या असायच्या, फोटोचे पैसे घ्यायच्या. माचू पिच्चूला तर लामा अवशेषांमधून मोकळे हिंडतात, पर्यटकांना ढुंकून विचारत नाहीत. तिथल्या लोकांनी सहा-सात हजार वर्षांपूर्वी रानटी ग्वानाको आणि विकुन्या माणसाळवून ही दोन जनावरं घडवली. लामा ओझ्याला, अल्पाका लोकरीला. थुंकण्याचं म्हणाल तर ते बहुतेक आपसातच थुंकतात, चाऱ्यावरून. माणसावर थुंकलं म्हणजे घाबरलंय. सविस्तर प्रवासवर्णन लवकरच टाकतो.

वनप्रेमी_रत्नागिरी | १०:३८
हात लावू नका. परदेशी प्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. नव्या चौथ्या अनुसूचीतले परदेशी प्राणी नोंदणीशिवाय बाळगता येत नाहीत. वन विभागाच्या १९२६ वर फोन करा, नाहीतर उद्या तुमच्याच बागेत सापडला म्हणून तुम्हीच अडकाल.

खरवस | १०:४४
वनप्रेमी, अर्धीच माहिती देऊ नका. ती चौथी अनुसूची साइटीस (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या यादीतल्या प्राण्यांची आहे. विकुन्या आणि ग्वानाको त्या यादीत आहेत. लामा आणि अल्पाका पाळीव म्हणून वगळलेले आहेत. हे गुरासारखं गुरू आहे. फोन १९६२ ला करायचा, पशुसंवर्धनवाल्यांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे तो. १९२६ वाले येऊन करणार काय? पंचनामा?

वनप्रेमी_रत्नागिरी | १०:४७
आणि परदेशातून जिवंत जनावर आणताना परवाना लागतो, क्वारंटाइन लागतं, ते कोणी केलं असेल याची खात्री आहे तुम्हाला?

खरवस | १०:४९
तो प्रश्न आणणाऱ्याला विचारा. याला आंबा उतरवायचाय.

पुणेरी_भटक्या | १०:५२
गुहागरकर दिसले म्हणून विचारतो. येत्या शनिवारी दापोलीहून येतोय. दाभोळ-धोपावे फेरीबोट मोठी गाडी घेते का? आणि व्याडेश्वराच्या जवळपास घरगुती जेवण कुठे मिळेल? शाकाहारी.

रातांबा | १०:५५
@भटक्या, घेते. चिपळूणचा वळसा वाचतो. पण वेगळा धागा काढा ना.

लोकरशेठ | ११:०२
मंडळी, सगळे घाबरताय कशाला? ही संधी आहे. अल्पाकाची लोकर मेंढीपेक्षा महाग जाते, वर्षाला एकेका जनावराची दोन-तीन किलो निघते. कोकणात चारा फुकट, कातळावर एवढी जागा पडीक. कोणी भागीदारीत उतरणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अमेरिकेत लामा मेंढरांच्या राखणीला ठेवतात, कोल्ह्याच्या जातीचा कोयोटी आला तर अंगावर धावून जातात.

खरवस | ११:०६
शेठ, आपल्याकडे कोयोटी नाही, बिबट्या येतो. तो राखणदाराला आधी नेईल. आणि थंड, कोरड्या पठारावरचं जनावर श्रावणातल्या चिखलात उभं करून लोकर काढणार तुम्ही? पाळायचंच असेल तर कोकण कन्याळ शेळी पाळा. इथल्या पावसात टिकते म्हणूनच ती जात सिंधुदुर्गात तयार झाली.

गुरांचा_डॉक्टर | ११:१०
असगोलीकर, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि एवढं सांगा. तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय का? खालचा ओठ लोंबतोय का? लाळ? सावलीत आहे की उन्हात? अंगावर लोकर किती आहे? बाग कशाने घेरलीय, कुंपणाला कण्हेर आहे का?

असगोलीकर | ११:१९
तोंड उघडंच आहे सकाळपासून, धापा टाकतंय, लाळही गळतेय. ती त्याची सवय असेल असं वाटलं. सकाळी कलमाच्या सावलीत होतं, आता ऊन फिरलं. लोकर वीतभर तरी आहे. कण्हेर नाही, चिऱ्याचा गडगा आहे. शेजारच्या रिसॉर्टवाल्याचं आहे, दोन आणलेत त्याने लोकांच्या सेल्फीसाठी. त्याचा फोन बंद, मॅनेजर म्हणतो मालक मुंबईला. पण मी विचारलंय बाहेर कसं काढायचं.

रातांबा | ११:२१
मालक माहितीये, जोडीदार माहितीये, जनावर धापा टाकतंय, आणि हे एक तासाने! आम्ही इकडे कान मोजतोय.

असगोलीकर | ११:२२
असगोलीत सगळ्यांना माहितीये ते कोणाचं आहे.

गुरांचा_डॉक्टर | ११:२७
नीट वाचा. हे जनावर हट्ट करून बसलेलं नाही, त्याला उष्माघात होतोय. आत्ता हाकललंत, पळवलंत तर बागेतच मरेल.

उंटवर्गीयांसाठी एक ढोबळ हिशेब आहे: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक हवेतल्या आर्द्रतेची टक्केवारी. बेरीज १२० च्या आत असेल तर निर्धास्त, १८० च्या पुढे गेली तर जिवाला धोका, मधे असेल तर जपून. किनाऱ्यावर मे महिन्यात ३४ अंश सेल्सिअस म्हणजे ९३ फॅरनहाइट धरा, आर्द्रता ८० धरा. झाले १७३. त्यात वीतभर लोकर आणि वर ऊन.

आता करायचं ते. उन्हात असेल तर ताडपत्री किंवा चादर बांधून सावली त्याच्याकडे न्या, त्याला उचलून सावलीकडे नेऊ नका. पाणी मारायचं ते पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, पुढच्या पायांच्या बगलेत आणि पायांवर. तिथे लोकर विरळ असते, उष्णता तिथूनच बाहेर पडते. पाठीवर पाणी ओतू नका. भिजलेली लोकर अंगाला चिकटते आणि आतली उष्णता कोंडून धरते. वारा घाला. बादलीत पाणी समोर ठेवा, प्यायलं तर प्यायलं, तोंडात ओतू नका. १९६२ ला फोन करून "अल्पाका" म्हणत बसू नका, "उंटाच्या जातीचं जनावर, उष्माघात, बसून आहे" असं सांगा. थर्मामीटर असेल तर गुदद्वारात लावून बघा: ३७.५ ते ३८.९ ठीक, ४० च्या वर धोका.

खरवस | ११:३३
डॉक्टर, अपचनही असू शकतं. सडका आंबा खाल्ला असणार खाली पडलेला. आमच्या म्हशीला आम्ही ओवा, सैंधव आणि गोडंतेल पाजतो, तासात रवंथ सुरू. बाटलीने पाजून बघायला काय हरकत आहे?

गुरांचा_डॉक्टर | ११:३६
हरकत ही, की धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटली घातली की तेल फुप्फुसात जातं. ही म्हैस नव्हे. पोटाचे कप्पेही चार नाहीत, तीन. आणि म्हशीचं आंबोण किंवा कोंबड्यांचं खाद्य तर पुढे कधीच देऊ नका. कोंबड्यांच्या खाद्यात मोनेन्सिनसारखं औषध असतं, ते यांना विषारी आहे. तांबं जास्त झालेलंही सोसत नाही.

खरवस | ११:३८
तीस वर्षं गुरं पाळतोय.

गुरांचा_डॉक्टर | ११:३९
गुरं.

अँडीजवारी | ११:४५
डॉक्टर, पण पेरूत आम्ही अल्पाका भर पावसात चरताना पाहिलेत, नखशिखांत भिजलेले. त्यांना काही होत नाही.

गुरांचा_डॉक्टर | ११:४८
तिथे चार हजार मीटरवर रात्री पाणी गोठतं. तिथली अडचण थंडी आहे. तुम्ही घामाघूम असताना ओलं घोंगडं पांघरून बघा.

असगोलीकर | ११:५८
लाईट गेलेत, पंप बंद. विहिरीवरून कळश्या आणतोय. काथ्याचं जाळं होतं त्यावर जुनी लुगडी टाकून सावली केलीय. बायको सुपाने वारा घालतेय. हाताला थुंकलं नाही या वेळी. पोट जमिनीला टेकलेलं आहे, पाणी खाली जातच नाही. काय करू?

गुरांचा_डॉक्टर | १२:०१
खालची जमीनच ओली करा, थोडं बाजूने उकरून पाणी पोटाखाली सोडा. मागच्या मांडीची आतली बाजू उघडी मिळाली तर ओला पंचा तिथे दाबून धरा आणि सारखा बदला. १९६२ ला लावला?

असगोलीकर | १२:०४
लावला. गाडी शृंगारतळीच्या बाजूला आहे म्हणाले, येतायत. अल्पाका म्हटलं तर पलीकडून "काय पाक?" विचारलं, मग उंट सांगितलं.

पुणेरी_भटक्या | १२:१०
वाईट वाटलं वाचून. जेवणाचं कोणी सांगितलं नाही अजून.

माणदेशी_मेंढका | १२:१५
वाचतोय मघापासून. मी मेंढरांतला माणूस, हे जनावर कधी राखलं नाही, पण कळपातलं असेल तर एक सांगतो. एकटं जनावर काठीनं येत नाही. पाठीमागनं हाकलायचं नाही, पुढं जोडीदार उभा करायचा. धाप उतरली, उन्हं कलली की रिसॉर्टातलं दुसरं जनावर दोरी लावून गडग्याच्या खिंडीत आणा. बगा उठून चालतंय का नाही.

गुरांचा_डॉक्टर | १२:१९
मेंढका बरोबर सांगतोय. अल्पाका एकटा राहूच शकत नाही, ते हूं-हूं करत एकमेकांना साद घालतात. पण धाप थांबल्याशिवाय नाही. आंब्याचं आज विसरा.

असगोलीकर | १२:२१
विसरा म्हणायला काय जातं.

रातांबा | १:४०
काय झालं पुढे?

असगोलीकर | ५:३५
डॉक्टरांची गाडी एकच्या सुमारास आली. ताप ४०.४ होता. सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं. पोटावरची आणि मांड्यांमधली लोकर तिथेच कात्रीने कापली. तीनच्या पुढे तोंड मिटलं, मान सरळ केली, बादलीतलं पाणी प्यायलं. मॅनेजरशी भांडून दुसरं जनावर आणवलं. ते खिंडीतून हूं-हूं करायला लागलं तशी स्वारी उठली आणि आपल्या पायांनी बाहेर गेली. दोरीसुद्धा लावावी लागली नाही.

वरच्या अंगाचा आंबा उतरवला, खालचा राहिला. गाडी अर्धीच भरली. रिसॉर्टवाल्याकडून नुकसानभरपाई मागता येते का, कोणाला माहिती आहे?

वनप्रेमी_रत्नागिरी | ५:४१
म्हणूनच १९२६ ला फोन करायला सांगत होतो. कागदपत्रांची चौकशी झाली असती.

खरवस | ५:४३
झालं याचं सुरू.

गुरांचा_डॉक्टर | ५:५०
असगोलीकर, छान केलंत. मॅनेजरला दोन गोष्टी सांगा. पाऊस लागायच्या आत दोन्ही पूर्ण भादरून घ्या, वर्षातून एकदा तरी करावंच लागतं. आणि पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या की सर्राची तपासणी करून घ्या, तो रोग उंट-घोड्यांना होतो तसा यांनाही होतो. आज रात्री दोन्ही बंद गोठ्यात, पंखा लावून.

असगोलीकर | ५:५८
सांगतो. भादरणार कोण पण इथे? आणि अजून एक. एका हापूसच्या बुंध्याशी त्याने लेंड्यांचा ढीग घातलाय, सगळा एकाच जागी. उचलून टाकू का?

अँडीजवारी | ६:०३
अजिबात टाकू नका! ते कायम एकाच जागी ढीग घालतात. अँडीजमध्ये त्या वाळवून चुलीला जाळतात, बटाट्याच्या शेतालाही घालतात. आम्ही तितिकाका सरोवराकडे जाताना...

माणदेशी_मेंढका | ६:१०
कलमाला राहू द्या, लेंडीखत चांगलंच. भादरायला आमच्यातला एक कातरीवाला चिपळूणपातुर येतोय पुढल्या आठवड्यात. अंगावर थुंकत असेल तर मजुरी जादा पडेल.

लोकरशेठ | ६:१४
कापलेली लोकर कोण घेणार? मी बोलतोय मॅनेजरशी. नंबर व्यनि करा.