चिपी विमानतळ: मुंबईचे विमान थांबले, आता विमानतळही बंद पडणार का?

कर्लीकाठ
सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर 9 ऑक्टोबर 2021 ला सुरू झालेली अलायन्स एअरची मुंबई-चिपी सेवा ऑक्टोबर 2024 मध्ये थांबली. मग फ्लाय91 ह्या कंपनीची सेवा तेवढी उरली. कुडाळ-मालवणात 'टाळे लागणार' हीच चर्चा आहे. विमानतळ बंद करण्याचा निर्णय घेतो कोण? आधी कशावरून कळते? निवेदन द्यायचे तर कोणाला, आणि त्यात मागायचे काय?

टॉवरखाली
टाळे लावण्याचा असा एकच हुकूम निघत नाही. जमीन एमआयडीसीची, बांधकाम आयआरबीच्या कंपनीचे, परवाना डीजीसीएचा (केंद्राचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), हवाई वाहतूक नियंत्रण एएआयचे (भारतीय विमानतळ प्राधिकरण). एकेकाने हात आखडता घेतला की विमानतळ कागदावर चालू आणि प्रत्यक्षात बंद राहतो.

मुंबईचे विमान का थांबले ते आधी बघा. 'उडान' ह्या केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेत मार्गाला 3 वर्षे तूटभरपाई मिळते, 80 टक्के केंद्राच्या निधीतून आणि 20 टक्के राज्याकडून. त्या बदल्यात निम्मी आसने, जास्तीत जास्त 40, ठरलेल्या कमाल भाड्यातच विकायची. म्हणजे 70 आसनी एटीआरमध्ये (पंख्याचे छोटे विमान) 35. चिपीला हे भाडे सुमारे 2,500 रुपये होते. ऑक्टोबर 2021 मध्ये 3 वर्षे मिळवा, तारीख जुळते. मुदत संपल्यावर तोच मार्ग स्वतःच्या हिमतीवर चालवायचा. शिवाय मुंबईत 70 माणसांच्या विमानाला जो स्लॉट (उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ) लागतो, त्याच स्लॉटमध्ये 180 माणसांचे विमान उतरते. त्यामुळे 'प्रवासी तर भरपूर होते' हा मुद्दा खरा असला तरी पुरत नाही.

जांभा
विमानतळ बंद पडू लागल्याच्या लक्षणांबद्दल लिहितो. एएआयच्या संकेतस्थळावर एआयपी (विमानतळांच्या अधिकृत माहितीची पुस्तिका) फुकट वाचता येते. त्यात प्रत्येक विमानतळाचा 'एडी 2' विभाग असतो. 2.3 मध्ये कामाचे तास, 2.6 मध्ये अग्निशमन श्रेणी, 2.10 मध्ये अडथळे, 2.14 मध्ये दिवे, 2.19 मध्ये दिशादर्शक यंत्रणा. आजचे पान उतरवून ठेवा आणि दर महिन्याला नव्याशी ताडून पहा. मधल्या काळातले बदल नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या तातडीच्या सूचना) येतात.

सर्वांत आधी घसरते ती अग्निशमन श्रेणी, कारण तिथे माणसांचा सततचा पगार लागतो. एटीआर 72 ची लांबी 27.17 मीटर, म्हणून श्रेणी 5: किमान 1 बंब, 5,400 लिटर पाणी, मिनिटाला 3,000 लिटर मारा. ए320 ह्या मोठ्या जेट विमानाची लांबी 37.57 मीटर, म्हणजे श्रेणी 6: 2 बंब, 7,900 लिटर, मिनिटाला 4,000. बंब 3 मिनिटांत धावपट्टीच्या टोकाला पोहोचला पाहिजे. बंब आहे पण चालक सुट्टीवर, तर श्रेणी खाली येते. चिपीची 2,500 मीटरची धावपट्टी ए320 ला पुरते. पण श्रेणी 5 वर आली की ते दार जवळजवळ बंदच. चिपी कातळसड्यावर आहे, तिथे पाणी आपोआप साठत नाही. टाकीत पाणी किती आणि ते भरते कोण, हे मार्चमध्येच विचारा, मे उजाडायची वाट पाहू नका.

पडून राहिलेली धावपट्टी लवकर बिघडते. सांध्यांत गवत रुजते, खाऱ्या वाऱ्याने पापी दिव्यांच्या (उतरण्याचा कोन दाखवणारे धावपट्टीलगतचे दिवे) जोडण्या गंजतात. पापी साधारण 3 अंशांच्या उतरणीला लावलेले असतात. कोन किंचित सरकला तरी वैमानिकाला चुकीची उंची दिसते, म्हणून पुन्हा तपासणी करावी लागते. आणि भोवतालची बांधकामे! किंगफिशरने 2010 मध्ये सोलापूर सोडल्यावर नियमित सेवा वर्षानुवर्षे नव्हती. तिथल्या विमानतळाजवळच्या साखर कारखान्याच्या 92 मीटर चिमणीचा वाद इतका चिघळला की शेवटी 15 जून 2023 ला ती पाडावी लागली. धावपट्टीपासून 4 किलोमीटरपर्यंतच्या आतल्या पट्ट्यात उंचीची मर्यादा विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटर असते. चिपीजवळ मोबाइल मनोरा किंवा हॉटेलचा मजला चढत असेल, तर उंचीचा ना-हरकत दाखला आजच तपासा.

बांदेकर_पूल
मोप्याचा, म्हणजे उत्तर गोव्यातल्या नव्या विमानतळाचा, विषय टाळून चालणार नाही. तिथे 5 जानेवारी 2023 पासून विमाने आहेत, धावपट्टी 3,500 मीटर. बांदा-सावंतवाडीच्या माणसाला मोपाच जवळ, आणि तो चिपीला येणार नाही हे गृहीत धरा. चिपीची खरी माणसे मालवण, वेंगुर्ला, कुडाळ, देवगडची. त्यांना मुंबईत सकाळी पोहोचून संध्याकाळी परत येता आले पाहिजे. भरदुपारच्या एका फेरीत मंत्रालयाचे किंवा इस्पितळाचे काम होत नाही, मग माणूस रात्रीची कोकण रेल्वे धरतो. वेळ बदलल्याशिवाय नुसते अनुदान वाढवून काही होणार नाही. संध्याकाळच्या फेरीसाठी रात्रीच्या उतराईची सोय हवी, ती मागणी पहिली.

कर्लीकाठ
मग निवेदनात नेमके काय लिहू?

टॉवरखाली
तीन वेगळे कागद करा. एकच पत्र सगळ्यांना पाठवले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

डीजीसीएला माहिती अधिकारात विचारा: परवान्याची मुदत, त्यावर परवानगी असलेल्या सर्वांत मोठ्या विमानाचा संकेतांक, अग्निशमन श्रेणी, रात्रीच्या उतराईचा प्रस्ताव अडला असल्यास कोणत्या त्रुटीवर. एमआयडीसीला: करारात नियमित विमान नसतानाही धावपट्टी, बंब आणि कुंपण राखण्याची अट आहे का, ती मोडल्यास दंड किती.

राज्य सरकारकडे मागणी करा की उडानची मुदत संपलेल्या मुंबई मार्गाला राज्याने स्वतः तूटभरपाई द्यावी. पण ती फेरीनिहाय आणि वेळेच्या अटीसह: मुंबईत सकाळी 10 च्या आत पोहोचेल त्याच फेरीला पैसे. उडान विमानतळांवर सुरक्षा आणि अग्निशमन विनामूल्य पुरवणे ही राज्याचीच जबाबदारी असते, ती पुढेही चालू ठेवा असे स्पष्ट शब्दांत लिहा. ह्या एका ओळीसाठी भांडा. विमान सहा महिन्यांनीही परत आणता येते. बंबाची माणसे एकदा बदलीवर गेली की नव्यांची भरती, प्रशिक्षण आणि श्रेणीची फेरतपासणी ह्यातच वर्ष जाते.

जांभा
पत्राला एआयपीतल्या 2.3 आणि 2.6 च्या छापील प्रती तारखेसह जोडा. पुढे तास किंवा श्रेणी कमी झाली, तर आधी काय होते ह्याचा तोच पुरावा.